खांदेरीचे दीपगृह आणि वऱ्हाडचा कापूस

खांदेरीच्या किल्ल्याविषयी मराठीत बरेच लेखन झालेले आहे. इ. स. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी येथे तटबंदीचे काम आरंभिले, इंग्रज व सिद्दी यांच्या आरमारांनी ते थोपविण्याचा प्रयत्न केला आणि तो निष्फळ ठरला, हा वृत्तान्त सर्वपरिचित आहे. बेटावर १८६७ मध्ये उभारलेल्या दीपगृहाची मात्र बहुधा एका वाक्यात बोळवण होते. प्रस्तुत लेखात त्या वाक्याचा थोडा विस्तार करावयाचा आहे.

थळच्या किनाऱ्यावरून होडीने निघाल्यावर दीपगृहाचा मनोरा दुरूनच दृष्टीस पडतो. त्यामागे साधे गणित आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे दिव्याचा पल्ला केवळ त्याच्या तीव्रतेवर नव्हे, तर उंचीवरही अवलंबून असतो. दिव्याची व पाहणाऱ्याच्या डोळ्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, दोहोंच्या वर्गमुळांची बेरीज करून तिला सुमारे २.०८ ने गुणावे. अंतर सागरी मैलांत मिळते. समजा, दिवा ४९ मीटरवर व खलाशी ४ मीटरवर आहे. तर हे अंतर १८.७ सागरी मैल भरते. (संख्या सोयीच्या घेतल्या आहेत.) बेटावरील टेकडी म्हणजे मनोऱ्याला फुकट लाभलेली उंचीच होय. मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील वाटेवर नजर ठेवण्यासाठी किल्ल्याला जी जागा हवी होती, तीच पुढे दिव्यालाही सोयीची ठरली.

समुद्रापासून सुमारे ५०० किलोमीटर दूर असलेल्या पुसदच्या अध्यापकाला याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांत कापसाचा तुटवडा पडला व वऱ्हाडच्या कापसाला मुंबईमार्गे मोठी मागणी आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोहोचला तोही १८६७ मध्येच. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध आहे असे प्रतिपादन येथे नाही. सुवेझ कालवा खुला झाला १८६९ मध्ये, म्हणून या दिव्याचे श्रेय त्या कालव्यालाही देता येत नाही. परंतु बंदराचा वाढता व्यापार हा रूळ व दिवा या दोहोंचा समान संदर्भ आहे, आणि त्या व्यापारात आपल्या काळ्या जमिनीतील बोंडे होती.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत खांदेरी आहे. यापुढे शैक्षणिक सहली वाढतील. विद्यार्थ्यांना तट व तोफा दाखवून झाल्यावर मनोऱ्याच्या पायथ्याशी वऱ्हाडचा नकाशाही उघडावा, एवढीच सूचना.