काचफोडी हातोडी : हाताशी हवी, पोरांच्या हाती नको



ऊस नोंदीसाठी गटात फिरताना आता बऱ्याच दारांत चारचाकी दिसते. कॅनॉलच्या कडेने येणे-जाणे म्हणून काहींनी काच फोडायची हातोडीही घेतली आहे. ते योग्यच. गाडी पाण्यात गेली तर बाहेरच्या दाबाने दार उघडत नाही, विजेवरच्या काचाही अडकू शकतात. अशा वेळी पट्टा कापून बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घाव घालावा. समोरची काच दोन थर चिकटवून केलेली. ती तडकते, पण वाट देत नाही.

पण ही हातोडी आम्हाला गिअरजवळच्या खणात उघडी पडलेली दिसते. तोडचिठ्ठीसाठी बाप गट ऑफिसात आणि पोर गाडीत! टोक कठीण नि अणकुचीदार, डोळ्याला लागले तर काय घ्या! पट्ट्याचे पाते खाचेत असते खरे, पण लहानग्याचे बोट बारीक. स्प्रिंगची तर नुसती दाबली की टोक सुटते. ती किल्लीच्या जुडग्यात मुळीच नको, कारण रडणाऱ्या पोराला आपण आधी किल्लीच देतो.

मग डिकीत टाकावी? तेही नाही. पट्टा बांधलेल्या ड्रायव्हरचा हात पोचलाच पाहिजे. त्याच्या उजव्या अंगाला, टोपण घालून, सोबतच्या पकडीत घट्ट बसवावी. मागच्या सीटवरून पोराचा हात पोचतो का, ते स्वतः मागे बसून पाहावे. जाणत्या मुलांना तिची जागा आणि उपयोग सांगून ठेवावा.