नोर्ग्येलिंग : कोरड्या पठारावरून धानाच्या मुलखात

मोसमी वारे दक्षिणेकडून येतात आणि त्यांतील बहुतेक पाणी हिमालयाच्या अलीकडील उतारावरच पडते. पलीकडे तिबेटचे पठार उरते ते उंच, थंड आणि कोरडे. त्याचा वायव्येकडील चांगथांग प्रदेश तर शीत वाळवंटच होय. जव, याक व मेंढ्या यांवर तेथील माणसाचे जीवन चालते. फळ्यावर डोंगराची एक रेघ व ढगाचा एक बाण काढला, तरी मुलांना हे कारण उमगते.

१९५९ साली दलाई लामा व त्यांच्यामागून सहस्रावधी तिबेटी सीमा ओलांडून भारतात आले. आरंभी पुष्कळांनी हिमालयातील रस्त्यांवर मजुरी केली. पुढे निरनिराळ्या राज्यांनी त्यांना जमिनी दिल्या. महाराष्ट्रात १९७२ साली अर्जुनी-मोरगाव भागात, प्रतापगड-गोठणगाव परिसरात, नोर्ग्येलिंग ही वसाहत उभी राहिली. हा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यात मोडतो.

ल्हासा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंच, तर ही वसाहत जेमतेम तीनशे मीटरांवर. येथे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जवाचे भाजलेले पीठ खाणाऱ्या लोकांना चिखलात उतरून धानाची शेती शिकावी लागली, तीही कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या तलाव बांधून पिकविलेल्या मुलखात. शेतीवर भागत नाही, म्हणून हिवाळ्यात पुष्कळ कुटुंबे शहरोशहरी लोकरी कपडे विकतात. नागपूरकर त्या मालाला तिबेटी म्हणतात. वस्तुतः तो बहुधा लुधियानाचा असतो.

वसाहतीत जन्मलेल्या मुलाने तिबेट पाहिलेले नसते. तरीही ‘तू कोठला?’ हा प्रश्न त्याला चुकत नाही. प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. नागरिकत्वाच्या कायद्यान्वये २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, काही थोडे अपवाद वगळता, जन्मानेच भारताची नागरिक ठरते. तिबेटी कुटुंबांसही हे लागू आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले. त्यानंतर जन्मलेल्यांस आई-वडिलांचे नागरिकत्व पाहावे लागते. म्हणून वसाहतीतील मूल शाळेत दाखल होईल तेव्हा जन्मतारीख व जन्मस्थान शिक्षकांनी मूळ दाखला पाहूनच नोंदवावे. ‘तिबेट’ असा शब्द सवयीने लिहू नये.