रश मारणारे आणि रिव्हाइव्ह देणारे

ऑनलाइन खेळाच्या एकाच मैदानावर दोन वृत्तींची माणसे उतरतात. काहींना लढाई हवी असते, काहींना सोबत. गोंदिया, तिरोडा किंवा आमगावात मोबाइलवर ‘बीजीएमआय’ हा लढाईचा खेळ उघडला, तर चौघांच्या स्क्वॉडमध्येच हे दिसते. एक जण उतरल्या-उतरल्या रश मारायला, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्यांवर तुटून पडायला धावतो. दुसरा औषधे जमवतो, नॉक झालेल्या, म्हणजे घायाळ होऊन पडलेल्या साथीदाराला रिव्हाइव्ह देतो, पुन्हा उभा करतो. मिरवायला मिळतात ते पहिल्याचे किल. या दोघांनाही खेळात टिकवून ठेवणे ही खेळ रचणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे.

इंग्लंडमध्ये ‘मड’ हा निव्वळ मजकुरावर चालणारा खेळ घडवणाऱ्यांपैकी एक, रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : कमाई करणारे, धुंडाळणारे, मैत्री जमवणारे आणि मारेकरी. मारेकरी माजले की मैत्रीसाठी आलेले काढता पाय घेतात, हे त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे. शिकारच उरली नाही, तर मारेकऱ्यांनी तरी थांबायचे कशाला?

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये नेमके हेच घडले. खाणीत राबणारे आणि सुतारकाम करणारे खेळाडू वाटेत लुटले जाऊ लागले. बदनामीची शिक्षा ठेवूनही लुटारू आटोक्यात येईनात. शेवटी 2000 मध्ये जगाचीच दोन रूपे केली गेली : ट्रॅमेलमध्ये संमतीशिवाय हल्ला नाही, फेलुकामध्ये जुनी मोकळीक. बहुतेकांनी ट्रॅमेल गाठले. फेलुका ओस पडू नये म्हणून पुढे तिथे दुप्पट कच्चा माल मिळण्याची सोय करावी लागली. भिंत घालणे सोपे होते, भिंतीपलीकडे माणसे टिकवणे अवघड! ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने 2018 मध्ये वेगळी तोड काढली. खेळाडूंना एकमेकांवर हल्ला करू देणारा ‘वॉर मोड’ ज्याने त्याने हवा तर चालू करावा; जोखीम घेणाऱ्याला जादा कमाई, आणि खेळातल्या दोन बाजूंपैकी जिच्याकडे असे खेळाडू कमी, तिला आणखी थोडी.

स्पर्धांमध्ये हा तोल गुणपत्रकात दडलेला असतो. बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धांत पूर्वी शेवटपर्यंत टिकून सामना जिंकल्यास 15 गुण मिळत, नंतर ते 10 झाले. प्रत्येक किलचा गुण मात्र 1 च राहिला. एवढ्या बदलाने लपून तग धरणाऱ्यांचे पारडे हलके झाले आणि रश मारणाऱ्यांचे जड.

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये आणलेल्या ‘इंडस’ या बॅटल रॉयल, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारा जिंकतो अशा प्रकारच्या खेळाने जिंकण्याची व्याख्याच सैल केली. सामन्याच्या अखेरच्या टप्प्यात ‘कॉस्मियम’ प्रकट होते. ते ताब्यात घेणारा, प्रतिस्पर्धी जिवंत असतानाही जिंकतो. किल कमी असलेल्या, पण एकमेकांना कव्हर देणाऱ्या स्क्वॉडला यामुळे खरी संधी मिळते. लढवय्यांची सोयही याच खेळात आहे : ज्याने आपल्याला मारले, त्याच्यावर ‘ग्रज’ म्हणजे डूख धरून नंतरच्या सामन्यात त्याचा माग काढता येतो.