जुनी पिकअप, नवे नोझल : पेट्रोल न सांडता टाकी कशी भरावी?

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची पिकअप गाडी पेट्रोल पंपावर येऊन उभी राहिली की आसपासची माणसे कौतुकाने वळून पाहतात. पंपावरील कर्मचाऱ्याची मात्र बहुधा पंचाईत होते. टाकीचे तोंड कुठे आहे, येथपासून त्याचा शोध सुरू होतो. ते सापडल्यावर नेहमीच्या सवयीने त्याने नोझल आत खुपसून खटका दाबला, की थोड्याच वेळात पेट्रोल उसळून पत्र्यावरून, पायपट्टीवरून खाली ओघळते. दोष अर्थातच कर्मचाऱ्याच्या माथी मारला जातो. वास्तविक त्या काळचे टाकीचे तोंड आणि आजचे नोझल यांची एकमेकांशी कधी ओळखच झालेली नाही. ती करून देण्याची जबाबदारी गाडीच्या मालकाची आहे.

टाकी भरली की नोझल आपोआप बंद होते, एवढे सर्वांना ठाऊक असते. ते कसे बंद होते, हे सहसा कोणी विचारात घेत नाही. त्यात वीज नाही की टाकीतील पातळी मोजणारे कोणतेही यंत्र नाही. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते आणि तेथून एक अरुंद नळी मागे मुठीपर्यंत गेलेली असते. पेट्रोल वेगाने वाहू लागले की त्या प्रवाहामुळे मुठीत हवा ओढली जाते व ती या छिद्रातून आत येत राहते. टाकीतील पेट्रोल वर चढून हे छिद्र बुडाले की हवा मिळेनाशी होते, आतला लवचीक पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. म्हणजे नोझलला कळते ते इतकेच, की आपले टोक बुडाले आहे. टाकीचे तोंड अजून किती वर आहे, याची त्याला काहीच कल्पना नसते.

आजच्या मोटारीत ही उणीव जाणवत नाही. तिच्या टाकीपर्यंत जाणारी नळी लांब असते, नोझलचे टोक त्या नळीत खोलवर पोहोचते, आणि खटका सुटल्यानंतर वर चढणारे उरलेसुरले पेट्रोल सामावून घ्यायला नळीत पुरेशी जागा असते. शिवाय टाकीतील हवा आणि वाफ बाहेर पडण्यासाठी वेगळी वाट ठेवलेली असते. जुन्या पिकअपमध्ये नळी आखूड असते, कधी जवळजवळ आडवी असते, आणि हवेची वाट बारीक किंवा कित्येक वर्षांच्या धुळीने बुजलेली असते.

हवेचा हा मुद्दा समजून घ्यायला रॉकेलचे दिवस आठवावेत. नरसाळे बाटलीच्या तोंडात घट्ट बसले की रॉकेल खाली उतरत नसे. मध्येच एक मोठा बुडबुडा गुडगुड करीत वर येई आणि रॉकेल हातावर उडे. म्हणून जाणती माणसे नरसाळे किंचित उचलून धरीत किंवा त्याच्या बाजूला एखादी काडी अडकवीत, म्हणजे हवेला निसटायला फट मिळे. टाकीत जितके पेट्रोल जाते तितकीच हवा बाहेर यावी लागते. पंपाच्या प्रवाहाचा वेग मोठा असतो. अमेरिकेत नियमाने त्यावर मिनिटाला १० गॅलनची, म्हणजे सुमारे ३८ लिटरची मर्यादा घातलेली आहे. या कमाल वेगाने सेकंदाला अर्ध्या लिटरहून अधिक पेट्रोल आत जाते आणि तितकीच हवा त्याच अरुंद तोंडातून उलट बाहेर यायला धडपडते. मग फेस होतो. हा फेस छिद्रापर्यंत पोहोचला की टाकी अर्धी रिकामी असतानाही खटका सुटतो. कर्मचारी पुन्हा दाबतो, पुन्हा सुटतो. चार-पाच वेळा असे झाले की नोझल बिघडले असा समज होऊन ते जरा बाहेर ओढून जोराने दाबले जाते, आणि नेमके तेव्हाच पेट्रोल बाहेर येते.

अमेरिकेतील जुन्या पिकअप गाड्यांची रचना पाहिली तर ही अडचण अधिक स्पष्ट होते. शेव्हरोलेने १९४९ पासून आपल्या पिकअपची टाकी हौद्याखालून काढून थेट केबिनमध्ये, आसनाच्या पाठीमागे उभी केली. फोर्डच्या गाड्यांतही साठच्या दशकात तीच पद्धत होती. टाकीचे तोंड केबिनच्या बाजूच्या पत्र्यातून, दाराच्या मागे, बाहेर डोकावत असे. चिखल-दगडांपासून टाकी सुरक्षित राहते, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण पाठीला टेकून ७० लिटर पेट्रोल घेऊन हिंडण्याची ही कल्पना आज अंगावर काटा आणते. १९७३ च्या नव्या गाड्यांपासून दोन्ही कंपन्यांनी टाकी केबिनबाहेर नेली. अशा केबिनमधील टाकीचे तोंड व टाकी यांना जोडणारा रबरी तुकडा चिरला, तर भरताना सांडलेले पेट्रोल बाहेर न दिसता आसनामागे झिरपते. बाहेर सांडण्यापेक्षा हे कितीतरी घातक.

या गाड्यांचा आपल्याशी संबंध अगदीच दूरचा नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी व ट्रक यांच्या जुळणीचा कारखाना काढला आणि १९५४ पर्यंत तो चालवला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो बाहेर पडले. महिंद्रने स्वातंत्र्याच्या सुमारास विलिस जीपची जुळणी सुरू केली. जीपची तर निराळीच तऱ्हा. दुसऱ्या महायुद्धातील जीपमध्ये टाकी चालकाच्या आसनाखाली असे, आणि पेट्रोल भरायचे तर चालकाने उतरून गादी उचलावी लागे. मागाहून आलेल्या नागरी जीपमध्ये तोंड बाहेर आले. टाकी मात्र आसनाखालीच राहिली. ज्यांच्या घरी अशी गाडी वडिलोपार्जित म्हणून जपली आहे, त्यांना पुढील काळजी लागू पडते.

पहिली गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ती सर्वांत महाग पडू शकते. आजच्या मालवाहू पिकअप बहुतेक डिझेलवर चालतात. हौदा दिसला की कर्मचाऱ्याचा हात डिझेलच्या नोझलकडे जातो. म्हणून गाडी थांबताच, उतरून, 'पेट्रोल' असे स्पष्ट सांगावे.

त्यानंतरचा निर्णय पंपावर येण्यापूर्वीच घेतलेला असावा : किती लिटर भरायचे? माझ्या मते साऱ्या खटाटोपाचे मर्म येथेच आहे. 'टाकी फुल' हे शब्द जुन्या गाडीपुढे उच्चारूच नयेत, कारण ते उच्चारताच थांबण्याचा अधिकार त्या बारीक छिद्राकडे जातो आणि ते येथे भरवशाचे नाही. जुना काटा बहुधा खोटे बोलतो. त्यापेक्षा लाकडाची स्वच्छ पट्टी बरी. जेथे टाकीचे तोंड सरळ खाली उतरते तेथे ती बुडवून ओलीची खूण पाहता येते. तशी सोय नसेल तर मागच्या भरण्यानंतर किती किलोमीटर धावलो, याची वहीत नोंद ठेवावी. टाकीत मावेल त्याच्या आठ-नऊ दशांशांवर थांबावे आणि तो आकडा लिटरमध्ये सांगावा. रुपयांचा आकडा पूर्ण करण्यासाठी शेवटी मारली जाणारी एक-दोन दाबे तर निक्षून नाकारावीत.

रिकामी जागा ठेवण्याला आणखी एक कारण आहे. पंपाखालच्या हौदातील पेट्रोल जमिनीत गाडलेले असल्याने तुलनेने थंड असते. गाडी वैशाखाच्या उन्हात उभी राहिली की ते प्रसरण पावते. ७० लिटर पेट्रोलचे तापमान १५ अंशांनी वाढले तर त्याचे आकारमान सुमारे १ लिटरने वाढते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हा लिटर मावणार कुठे? तो झाकणातील हवेच्या छिद्रातून रंगावर ओघळतो, आणि जुना रंग पेट्रोलने मऊ पडतो.

गाडी सपाट जागी उभी करावी. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून पंपाच्या आवाराला अनेकदा उतार दिलेला असतो. टाकीचे तोंड असलेली बाजू खाली झुकली तर टाकी भरण्याआधीच पेट्रोल काठाशी येते. ती बाजू वर राहील अशा बेताने गाडी लावावी. इंजिन बंद करावे. टाकी केबिनमध्ये असेल तर सर्वांनी खाली उतरावे आणि काचा उघड्या ठेवाव्यात. झाकण हळूहळू फिरवावे; आत कोंडलेली वाफ फुस्स करून बाहेर येते, तिला क्षणभर निघून जाऊ द्यावे.

नोझल पुरते खुपसू नये. इंच-दोन इंच मागे घ्यावे, बाजूने हवा येईल एवढी फट ठेवावी, आणि धातूला धातू टेकलेला राहील याची दक्षता घ्यावी, म्हणजे घर्षणाने साठणाऱ्या विजेची ठिणगी पडत नाही. फेस छिद्रावर उडत असेल तर नोझल मुठीसह थोडे कलते फिरवून पाहावे. खटका पहिल्या खाचेइतकाच, हलका दाबावा, आणि हात काढून कर्मचाऱ्याने दुसरीकडे वळू नये. आवाजाकडे कान द्यावा. टाकी रिकामी असताना तो खोल व पोकळ येतो, भरत आली की चढत चढत बारीक होतो. घागर भरताना ऐकू येतो तसाच. ठरलेला आकडा आला की थांबावे, नोझल बाहेर काढण्यापूर्वी पाच-सात सेकंद निथळू द्यावे, आणि काढताना त्याचे टोक वर ठेवून खाली कापड धरावे.

पिकअपचा हौदा आहे म्हणून त्यात डबा ठेवून पेट्रोल भरण्याचा मोह होतो. तो टाळावा. हौद्यात प्लास्टिकचे अस्तर किंवा सतरंजी असेल तर डब्यावर साठलेल्या विजेला जमिनीत जायला वाट राहत नाही. डबा खाली जमिनीवर ठेवूनच भरावा. किनारपट्टीच्या दमट हवेत हा धोका कमी असतो. पण हिवाळ्यात बेळगावच्या किंवा इंदूरच्या कोरड्या हवेत तो चांगलाच वाढतो.

सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या काळचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते किंवा चिरते. त्यामुळे टाकीच्या गळ्याचा रबरी जोड, झाकणाखालची चकती आणि पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणाऱ्या रबराची बसवून घ्यावी. झाकण बदलताना हवेचे छिद्र असलेलेच घ्यावे. बिनछिद्राचे बसवले तर पेट्रोल खर्च होईल तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि गाडी घाटात अचानक मान टाकते.

एवढे करूनही थोडे सांडलेच, तर गाडी सुरू करू नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर न जाता जमिनीलगत, केबिनच्या तळाशी साठते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असले तरी एक ठिणगी पुरते. जुन्या स्टार्टरला ठिणगीची वानवा नसते. पाणी ओतू नये, पेट्रोल त्यावर तरंगत दूरवर पसरते. पंपावरील बादलीतील वाळू टाकावी. पत्र्यावर सांडलेले लगेच टिपून घ्यावे, ते कापड गाडीत ठेवू नये. मग गाडी ढकलून दूर न्यावी, दोन्ही दारे उघडावीत आणि आसनामागे हात घालून तो जोड कोरडा आहे ना, हे पाहावे. वास पूर्ण गेल्यावरच किल्ली फिरवावी.