टायरवरील मधला आकडा

इंग्लंडमध्ये १९५७ साली निघालेल्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर, सुटे भाग आणून घरीच जुळवावयाच्या स्पोर्ट्स मोटारीसाठी चाके निवडताना, ‘१८५/६० आर १४’ यातील ६० हा आकडा मिलिमीटरांचा मानण्याची चूक पुष्कळांकडून होते. वस्तुतः १८५ ही टायरची मिलिमीटरांतील रुंदी, १४ हा रिमचा (टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा) इंचांतील व्यास, आणि ६० हे बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी दरशेकडा प्रमाण होय. म्हणजे भिंत १११ मिलिमीटर व एकूण व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर भरतो. व्याजाचा दर कायम राहूनही मुद्दल वाढताच व्याजाची रक्कम वाढते, तद्वत २०५/६० घेतल्यास रुंदीबरोबर उंचीही वाढून व्यास सुमारे ६०२ होतो, वेगदर्शक काटा पूर्वीपेक्षा शेकडा चार कमी वेग दाखवितो आणि टायर मडगार्डला घासण्याचा संभव उत्पन्न होतो. तेथे ५५ प्रमाण घेतले तर व्यास ५८१ च्या आसपास राहतो. तथापि इतक्या हलक्या मोटारीला रुंदीचा मोह मुळातच टाळावा हे उत्तम, कारण अल्प भाराखाली रुंद टायर पकडीस आवश्यक तितका तापत नाही आणि पावसात रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो.