वेळासच्या वाळूतील ठेव

काशीतील दुर्गाघाट, ब्रह्माघाट व दूधविनायक या मोहल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. नाना फडणवीसांच्या नावाने ओळखला जाणारा वाडाही याच परिसरात आहे. नानांच्या भानू घराण्याचे मूळ गाव मात्र रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास. एकेकाळी इतिहासाच्या अभ्यासकांपुरते परिचित असलेले हे किनाऱ्यावरील गाव आज समुद्री कासवांमुळे सर्वदूर ज्ञात झाले आहे.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येते, भरतीरेषेच्या वर वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजविते आणि समुद्रात परतते. पुन्हा त्या घरट्याकडे ती फिरकत नाही. अंडी उबविण्याचे काम वाळूच्या उष्णतेवर सोपविलेले असते. पिल्लू नर होणार की मादी, हेही त्या उष्णतेवरच ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. अशा बेवारस ठेवीवर कोल्ह्याकुत्र्यांचा डोळा असणे स्वाभाविकच; परंतु माणूसही त्यात मागे नव्हता. अंडी खाणे व विकणे किनाऱ्यावर सर्रास चालत असे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून अस्तित्वात आहे, पण रात्रीच्या निर्जन किनाऱ्यावर कायद्याचा हात कितीसा पोहोचणार?

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने येथे संरक्षणाचे काम हाती घेतले. संस्थेने बाहेरून पहारेकरी न आणता गावातील तरुणांनाच 'कासवमित्र' केले. पहाटे किनारा पायी तुडवायचा, मादीच्या सरपटण्याच्या खुणांवरून घरटे शोधायचे, अंडी अलगद काढून कुंपणातील सुरक्षित जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरायची आणि तारीख नोंदवून ठेवायची, असा हा नेम. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात. त्या सुमारास घरट्यावर टोपली पालथी घातली जाते व सकाळ-सायंकाळ ती उचलून पाहिली जाते. पिल्लांना समुद्रापासून थोड्या अंतरावर सोडतात. पाण्यापर्यंतची वाट ती स्वतःच चालतात.

२००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांसाठी मोठी हॉटेले उभारण्याऐवजी ग्रामस्थांनी स्वतःच्या घरांतच राहण्या-जेवण्याची सोय केली. त्यामुळे येणारा पैसा थेट घरातील गृहिणीच्या हाती पडू लागला आणि जिवंत कासव गावाला अधिक मोलाचे ठरले. या उपक्रमाचे खरे यश येथे आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे वन विभागाच्या साहाय्याने अंजर्ले, गुहागर आदी किनाऱ्यांवरही हे काम पसरले. जाळ्यात सापडलेले कासव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास नुकसानभरपाई देण्याची योजनाही राज्य शासनाने २०१८ मध्ये आणली.

काशीकरांना हे वाचताना गंगेतील कासवांची आठवण होईल. रामनगर ते राजघाटचा मालवीय पूल या सुमारे ७ किलोमीटरच्या पात्रात १९८९ साली कासव अभयारण्य घोषित झाले होते. सारनाथ येथे वाढविलेली कासवे नदीत सोडली जात. हे अभयारण्य २०२० मध्ये रद्द करण्यात आले. कासवे गोड्या पाण्यातील, प्रश्नही निराळे. तथापि, घाटावरच्या वस्तीला त्या योजनेत वेळासच्या ग्रामस्थांसारखे स्थान मिळाले नव्हते, ही बाब नजरेआड करता येत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे एका मादीच्या पाठीवर उपग्रह-संदेशक बसविण्यात आला व तिचे नाव 'प्रथमा' ठेवण्यात आले. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी तर जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचे येणे-जाणे असावे, असा तर्क त्यामुळे बळावला आहे.

हा सोहळा पाहण्यास सर्वसाधारणपणे मार्च महिना सोयीचा. निघण्यापूर्वी गावात चौकशी करावी व शक्यतो दोन दिवसांचा मुक्काम ठेवावा, कारण पिल्ले नेमकी कोणत्या सकाळी वर येतील हे कासवमित्रांनाही आधी सांगता येत नाही. किनाऱ्यावर विजेरी व छायाचित्रणाचा झोत वापरू नये. पिल्ले समुद्राची दिशा उजेडावरून ओळखतात. कृत्रिम प्रकाश दिसला की ती पाण्याकडे पाठ फिरवितात.