नाव सांगणे वेगळे, ओळख पटवणे वेगळे

शाळेची माहिती भरण्याचे संकेतस्थळ उघडले की दोन चौकटी दिसतात : एक नावाची, दुसरी पासवर्डची. त्या भरून कळ दाबल्यावर आत काय घडते?

शहापूर तालुक्यातील सापगावच्या शाळेसाठी आपण असे संकेतस्थळ तयार करतो आहोत, असे समजू. पीएचपी या संगणकभाषेतला ‘लारावेल’ हा तयार सांगाडा घेऊ. तो वापरणाऱ्याला ई-मेलच्या पत्त्यावरून ओळखतो. आपल्याला मात्र शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक वापरायचा आहे. मग सगळी यंत्रणा नव्याने लिहायची का?

नाही. प्रवेशाच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, दिलेल्या नावाची नोंद शोधणे. दुसरी, पासवर्ड जुळतो का ते पाहणे. तिसरी, पुढच्या पानांवर ओळख राहावी म्हणून ब्राउझरला अंदाज करता न येणारी नवी खूण देणे. आपला बदल फक्त पहिल्या पायरीत : ई-मेलच्या रकान्याऐवजी यू-डायसचा रकाना.

दुसऱ्या पायरीला हात लावू नये. तेथे मूळ पासवर्ड साठवलेलाच नसतो. २०१३ साली पीएचपीच्या ५.५ आवृत्तीत ‘पासवर्ड_हॅश’ ही सोय आली. ती पासवर्डमध्ये कशीही निवडलेली अक्षरे मिसळून त्याचा ठसा बनवते. ठशावरून मूळ शब्द उलगडत नाही. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी ठसे निराळे असतात.

आपल्या बदलाने एक जबाबदारी मात्र वाढते. यू-डायस क्रमांक गुप्त नसतो. महाराष्ट्राचे २७ आणि ठाण्याचे २१, म्हणून सुरुवात २७२१ अशी, हे कोणालाही कळते. म्हणजे सारा भार पासवर्डवर. तो चार अंकी असेल तर शक्यता १०,०००. सेकंदाला १० प्रयत्न केले तर त्या १७ मिनिटांत संपतात! मिनिटाला पाचच प्रयत्न करू दिले तर सुमारे ३३ तास लागतात. म्हणून मर्यादाही हवी आणि पासवर्डही लांब हवा.

आणखी एक अडचण. साऱ्या शाळेचा क्रमांक एकच, म्हणून पासवर्डही एकच ठेवला, तर एखाद्या मुलीची जन्मतारीख कोणी बदलली हे कधीच कळणार नाही. तेव्हा पहिल्या पायरीत शाळेच्या क्रमांकासोबत शिक्षकाचा स्वतंत्र क्रमांकही घ्यावा आणि पासवर्ड ज्याचा त्याला द्यावा.

पासवर्ड सहा अंकी केला, तर हेच दोन्ही वेळ किती होतील? विद्यार्थ्यांना गणित करून पाहू द्या.